ताटाची डावी बाजू

बेळगावात नव्या घरी जेवायला बसले की मी आधी ताटाची डावी बाजू बघते. भाजी कसली, आमटी दाट की पातळ, गोड काय केलंय, हे सगळं नंतर. मिठाच्या शेजारी, लिंबाच्या फोडीला लागून काय वाढलंय त्यावरून घरातली कर्ती बाई घाटाकडची, पठारावरची की पलीकडच्या काळ्या मातीतली हे कळतं. सासूच्या हाताखाली तिनं किती वर्षं काढली याचाही थोडा अंदाज येतो. उजव्या बाजूवर माझा तेवढा भरवसा नाही. ती बाजाराच्या कलानं चालते. वांगी उतरली की आठवडाभर साऱ्या गावात वांगी, मेथी आली की मेथी. डाव्या बाजूचं सगळं बरणीतून नाहीतर उखळातून येतं, आणि बऱ्याचदा ते त्या बाईच्या माहेरचं असतं.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते हायवेवरच्या एका हॉटेलातल्या वेटरमुळं. पुण्याहून पाहुणे आले होते आणि त्यांना ‘इथलं काहीतरी’ खायचं होतं. मेनूकार्डावर एक महाराष्ट्रीयन थाळी आणि एक नॉर्थ कर्नाटक थाळी, दोन्हींचे दर वेगळे. दोन्ही मागवल्या. बघते तर भरलं वांगं तेच, मटकीची उसळ तीच, भाताचा तर प्रश्नच नाही. एकीत चपाती, दुसरीत ज्वारीची भाकरी, एवढाच काय तो फरक वरवर दिसत होता. मी वेटरला विचारलं, “अरे, भाजी एकच आहे की दोन्हीत!” तो शांतपणे म्हणाला, “भाजी एकच वो बाई, चटणी बदलतोय.” पाहुणे हसले. मला मात्र ते पटलं. हॉटेलवाल्यानं काटकसर केली होती खरी, पण जिथं करायची तिथंच केली होती. एका कढईतलं वांगं दोन राज्यांना पुरतं. शेंगाचटणीच्या जागी खर्डा मात्र चालत नाही, आणि खर्ड्याच्या जागी शेंगाचटणी वाढली तर निपाणीकर ताटावरून उठेल.

ज्यांच्या घरी अजून पंगत बसते त्यांना मांडणी सांगायला नको. ताटाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ. तिथून डावीकडं लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, खाली पापड-कुरडई. उजवीकडं भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर भाताची मूद, मुदीवर वरण, वरणावर तूप. पहिला भात वरणाचा, शेवटचा ताकाचा. जेवणारा हात उजवा, म्हणून पोटभरीचं सगळं त्या हाताला लागून. डावीकडचं बोटाच्या टोकानं घ्यायचं, पोळीच्या कडेला लावायचं, मधेच चाटायचं. त्यानं पोट भरत नाही, आणि म्हणूनच त्यात हौस जास्त.

लांबच्या ताटांतही हे दिसतं. ओणमच्या सद्येसाठी, म्हणजे सणाच्या जेवणासाठी, केरळात केळीचं पान मांडतात ते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवून. त्या टोकाकडंच केळ्याचे काप, गुळात घोळलेले तुकडे, आल्याची आंबट-गोड पुळीइंजी आणि लोणची ठेवतात. भात नंतर येतो. गोव्याच्या शीत-कडीच्या बाजूला सुक्या सुंगटांची किस्मूर असते, मूठभर सुद्धा नाही, पण ती नसेल तर गोयंकाराचं जेवण अडतं. बंगाल्यांचा भर जागेपेक्षा क्रमावर. आधी कडू शुक्तो, मग डाळ, मग मासे, शेवटी गोड चटणी आणि मिठाई. काश्मिरी त्रामीत चौघं एकाच ताटातून जेवतात, तिथं डावं-उजवं कुणाचं धरायचं? हल्ली ‘भारतीय थाळी’ म्हणून जे फोटो फिरतात त्यात मात्र बारा वाट्या ताटाच्या कडेनं गोल रांगेत उभ्या केलेल्या असतात आणि मधे एक फुगलेली पुरी. दिसायला देखणं, पण त्या गोलात चटणीची वाटी कुठली आणि बासुंदीची कुठली हे रंगावरूनच ओळखायचं.

आमच्या जिल्ह्यात चवीची वाटणी पावसानं केली आहे. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, खानापूर तालुक्यात, चोर्ला घाटाच्या माथ्याशी. तिथं पावसाळ्यात दिवस-रात्रीचा फरक कळत नाही. भात, नाचणी, कोकम, फणस, काजू, असं सगळं कोकणासारखं. तीच मलप्रभा पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते. त्या भागात काळी रानं, ज्वारी, हरभरा, करडई, कापूस, आणि पाऊस म्हणाल तर वाट बघायला लावणारा. मोटारसायकलवरून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत घरी येईल एवढंच हे अंतर. मधे पठारावर बेळगाव. वर उत्तरेला चिकोडी-निपाणीकडं ऊस आणि तंबाखू, आणि कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. एका जिल्ह्यात एवढे पाऊस आणि एवढ्या माती असल्यावर एका ‘कर्नाटक थाळी’त किंवा एका ‘महाराष्ट्र थाळी’त हे मावणार कसं?

माझं आजोळ जांबोटीच्या बाजूचं. तिथल्या ताटाची डावी बाजू ओली. ओल्या खोबऱ्याची चटणी, अंबाड्याचं लोणचं, आमसुलाचं सार वाटीत. वारतिथ नसेल त्या दिवशी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, तोही डावीकडंच. घाटानं वर आलेला हा बांगडा पावसाळ्याची बेगमी म्हणून शिंक्यात टांगलेला असायचा, आणि आज बांगडा आहे हे शेजारच्या चार घरांना न सांगता कळायचं. मृगानंतर रानात अळंबी फुटली की मात्र उजव्या बाजूलाही मान चढायचा, कारण अळंबीच्या भाजीपुढं मग चटणी-लोणच्याला कोण विचारतो.

आजी तांदळाची भाकरी करायची ती बघण्यासारखी असायची. पातेल्यात पाणी उकळलं की त्यात मीठ, मग पीठ एकदम ओतायचं, ढवळायचं नाही. वर झाकण. थोड्या वेळानं ती उकड परातीत काढून, हात पाण्यात बुडवत, पोळत असतानाच मळायची. निवली की संपलं, मग भाकरी कडेनं चिरते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि मग चुलीच्या तोंडाशी उभी केली की टम्म फुगायची. तो पापुद्रा उचलून आत खोबऱ्याची चटणी भरून दिली की आम्ही पोरं ताटाची वाट न बघता अंगणात पळायचो. ज्वारीच्या भाकरीलाही गरम पाणी लागतंच, तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, पण ज्वारी एवढी हट्टी नाही. थापणारीचा हात बरा असला तर ती ऐकते.

शहरात आलं की सरमिसळ सुरू होते. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार वासाच्या तांदळाचं. बेळगाव बासमती म्हणतात तो, उत्तरेतल्या लांब दाण्याच्या बासमतीशी नावापलीकडं त्याचं काही नातं नाही. दाणा लहान, शिजताना वास गल्लीत. भात कापून झाला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. हा मसूर बारीक असतो, पटकन शिजतो, आणि त्याच्या आमटीत फार काही घालावं लागत नाही. आमच्याकडं सणाचा वरणभात सोडला तर रोजच्या भातावर मसुराचीच आमटी. पश्चिमेला उचगाव-बेकिनकेरेकडं रताळी. शिवरात्र-नवरात्रीला उपासाच्या ताटात ती लागतातच. बेळगावची भाजी रोज पहाटे घाट उतरून गोव्यात जाते, तेव्हा तिकडच्या ताटाची उजवी बाजू बऱ्यापैकी आमच्या रानातली, हेही सांगून ठेवते.

शहरातल्या डाव्या बाजूला कोरडी चटणीही असते आणि ओली कोशिंबीरही. कोरडी पूर्वेकडून आली, ओली घाटाकडून. आमच्या घरात तर दोन्ही एकाच दिवशी वाढतात, कारण सासूबाई बैलहोंगलकडच्या आणि मी शहापुरातली, आणि सासरे दोघींचंही मन मोडत नसत.

मिरचीचंही तसंच. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून आणायची, म्हणजे लाल मसाला, तर त्यात बाडगी किती आणि संकेश्वरी किती यावर घराघरात वाद. बाडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. संकेश्वरी आमच्याच हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाची, लांब, आणि घशाला लागणारी. डंकापुढं, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रापुढं, बायका आपापली पोती घेऊन रांगेत बसलेल्या असतात, सगळ्या शिंकत असतात. पोत्यात वरून नुसतं वाकून बघितलं तरी कोण कुठली ते ओळखू येतं. बाडगी जास्त असली की ती बाई पूर्वेची. संकेश्वरीवर हात सैल सुटलेला असला की समजावं, हिचा पाहुणा कोल्हापूर-गडहिंग्लजकडचा आहे.

आता काळ्या मातीकडं. आमच्या शेजारच्या अक्का सौंदत्तीच्या. त्यांचं मराठी कन्नड वळणाचं आणि माझं कन्नड मराठी वळणाचं, पण भिंतीवरून वाटी द्यायला-घ्यायला व्याकरण लागत नाही. त्यांची शेंगाचटणी मी शिकायचा प्रयत्न सोडून दिला आहे. भाजलेले, साल काढलेले शेंगदाणे, लसूण सालीसकट, जिरं, मीठ आणि बाडगीची पूड. मिक्सरला त्या हात लावत नाहीत. घरामागं दगडी उखळ आहे, त्यात मुसळानं कुटायचं. आधी नुसता भरडा दिसतो. मग तो हळूहळू रंग धरतो. मग एक वेळ अशी येते की मुसळ वर उचललं की चटणी त्याला चिकटून थोडी वर येते आणि परत पडते. तेल सुटलं. इथं थांबायचं. आणखी चार घाव घातले तर गोळा होतो, आधी थांबलं तर भुरभुरीत राहते आणि पंधरा दिवसांत वास येतो. अक्का बोलता बोलता थांबतात, बघतसुद्धा नाहीत. मुसळाच्या आवाजावरून त्यांना कळतं म्हणे.

शेंगांची ही एक. कारळ्याची गुरेळ्ळ चटणी काळीभोर, जवसाची अगसी चटणी करड्या रंगाची. पूर्वेकडच्या कुठल्याही गावात बसस्टँडसमोर ‘लिंगायत खानावळ’ अशी पाटी दिसली की आत जावं. टेबल पुसलेलं नसेल तरी जावं. ताट येतं तेव्हा त्यात भाकरी नंतर पडते, आधी डावी बाजू भरते. दोन-तीन चटण्यांचे ढिगारे, घट्ट दही, हिरवी मिरची, कांदा, आणि कच्चा पाला. मेथी कोवळी, मुळा पानासकट, कांद्याची पात, काकडी, आणि दिवस असतील तर हक्करकी. हा थोडा कडसर पाला मला शहरात फारसा दिसला नाही. चटणीच्या ढिगात बोटानं खळगा करायचा, त्यात दही नाहीतर कच्चं तेल ओतायचं आणि भाकरीच्या तुकड्यानं उचलायचं. मी पहिल्यांदा अशी चटणी नुसतीच खायला लागले तेव्हा समोर बसलेल्या अनोळखी आजोबांनी दह्याची वाटी माझ्याकडं सरकवली. “मोसर हाक्कोरी,” म्हणजे दही घाला, म्हणाले, आणि पुन्हा आपल्या ताटात बघायला लागले. वांग्याची एण्णेगायी, म्हणजे तेलातलं भरलं वांगं, असतेच, मटकीचं काळ पल्या, म्हणजे उसळ, असतंच, चांगलंही असतं. पण तिथं लोक ज्यासाठी जातात ते डावीकडं आहे.

इथली खटक रोट्टी, म्हणजे कडक भाकरी, वेगळ्या लेखाचा विषय आहे. ती पातळ थापून मंद आचेवर, कापडानं दाबत, पाणी पूर्ण उडेपर्यंत भाजतात. चळत लावून ठेवली की कितीतरी दिवस टिकते. आता बायकांचे बचतगट पाकिटं करून विकतात आणि ती पुण्या-बंगळूरला जातात. संक्रांतीला बाजरीची, वरून तीळ लावलेली. कडकच.

निपाणीला माझी आत्ती असते. तिच्याकडं डावी बाजू म्हणजे एकच पदार्थ आणि तो पुरेसा आहे. हिरव्या मिरच्या तेलावर तव्यात परतायच्या, डाग पडू द्यायचे, लसूण आणि जाड मीठ घालायचं, आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायच्या. शेंगदाणे घालायचे की नाही यावर आत्तीचं आणि तिच्या सुनेचं पटत नाही. हा खर्डा ताटात वाढताना आत्ती विचारत नाही, मीठ वाढल्यासारखा वाढते. सोबत दह्यातला कांदा असतो तो औषध म्हणून. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा असला तरी खर्डा आहेच. जेवून बाहेर आलं की शेजारीण दारातून विचारते, “जेवलासा काय?” आणि डोळ्यांतलं पाणी बघून उत्तराची वाट बघत नाही.

देवाच्या ताटातही हे सगळं उतरतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या पौर्णिमांना बेळगाव-कोल्हापूरकडून बैलगाड्या, ट्रक, टेम्पो भरभरून लोक जातात. झाडाखाली, उघड्यावर चुली मांडतात आणि देवीच्या पडल्या, म्हणजे नैवेद्याच्या टोपल्या, भरतात. पडलीत पोळी, भाकरी, कडबू, वांग्याची भाजी, भात, आणि वर कांद्याची पात नि मेथी. मराठी माणसाची पडली आणि कन्नड माणसाची पडली शेजारी शेजारी ठेवली तर मला ओळखता येणार नाही. खानापूरकडच्या पडलीत भात जास्त आणि बैलहोंगलकडच्या पडलीत कडक भाकरी जास्त, एवढं कदाचित सांगू शकेन. सणांचंही असंच आहे. मराठी पंचांगात ज्येष्ठात ‘कर्नाटकी बेंदूर’ आणि आषाढात ‘महाराष्ट्रीय बेंदूर’ असे दोन वेगळे छापलेले असतात. आमच्याकडं बैल एकच, पण कडबू एकदाच का करायचे म्हणून काही घरांत दोन्ही होतात.

याच्यावरून ‘अन्नाला सीमा नसते’ वगैरे म्हणायचा मोह होतो. भाषणात टाळ्याही पडतात. पण ते खरं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. शाळा, पाट्या, सातबारा, सगळ्यात ती रेघ उतरली, आणि ताटात उतरली नाही असं कसं होईल? उशिरा उतरली एवढंच. २०१३ च्या जुलैत कर्नाटकात अन्नभाग्य योजना आली, रेशनवर रुपया किलोनं तांदूळ, पुढं तोही फुकट. गरिबाच्या घरी भाताची चिंता मिटली, ही मोठी गोष्ट आहे आणि ती ताटावर नाक मुरडणाऱ्यांनी विसरू नये. पण सौंदत्ती-रामदुर्गकडं जिथं दोन्ही वेळेला ज्वारी होती तिथं संध्याकाळी भात-सार सुरू झालं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी त्याच बाजूच्या. त्या म्हणतात, “तांदूळ फुकट, जोंधळा गव्हापेक्षा महाग. आणि थापणार कोण वो?” ज्वारी गेली की चटणीही जाते. भातावर शेंगाचटणी कोण खाणार? सांबार लागतं.

पलीकडं महाराष्ट्रात २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. सरकारी ठरावात हे असं ग्रॅममध्ये लिहिलं तेव्हा चटणीला जागा उरली नाही. उपाशी माणसाला दहा रुपयांत ताट मिळत असेल तर चटणीचा हट्ट धरणारी मी कोण, हेही आहेच. तरी मला वाटतं, चमचाभर कारळ्याची चटणी घातली असती तर खर्च फार वाढला नसता. आणि लोह-कॅल्शियमचं भाषण करायलाही एक कारण मिळालं असतं.

श्रीमंतांच्या ताटाची डावी बाजू कशी गेली तेही सांगते. बेळगावच्या लग्नाची खरी ओळख मांडे. कुंद्याबद्दल, म्हणजे इथल्या खव्याच्या मिठाईबद्दल, सगळे लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. मांड्यांची परंपरा जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा, त्याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मंडक आहेत. म्हणजे आजच्या दोन्ही राज्यांच्या कितीतरी आधी हा पदार्थ याच मुलखात होता. सैलसर भिजवून खूप मळलेल्या कणकेचा उंडा, पोटात पिठीसाखर, तूप, खसखस, वेलदोडा. जरा लाटून घेतला की मांडेकरीण तो दोन्ही हातांवर घेते आणि मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत मोठा करत जाते. धोतरासारखा पातळ झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद पसरते. क्षणात भाजतो. गरम असतानाच चौकोनी घडी घालावी लागते, निवला की काच होतो. जेवताना दुधात चुरायचा, वर तूप. हे सगळं हातांवर चालतं, म्हणून हे काम करणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत, आणि जुन्या खांद्यांनी कुरकुर सुरू केली आहे.

आता मांड्यांचाही काउंटर असतो. गेल्या हंगामात आमच्या घरात पुतणीचं लग्न झालं. मुलाकडचे बैलहोंगलचे, घरात कन्नड बोलणारे मराठे. केटररनं पहिलाच प्रश्न विचारला, “मेनू महाराष्ट्र करूया की कर्नाटक?” दोन्ही छापील यादीत तयार होते, दोन्हींत पनीर होतं. आमच्या दिरांनी ते खोडलं आणि एका कागदावर दोन्हीकडचं मिळून लिहून दिलं. मसुराची आमटी, एण्णेगायी, वरणभात, मांडे, गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, शेंगाचटणी, खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, कडक भाकरी. यावर कुणाचंच भांडण झालं नाही, याचं दोन्ही बाजूंना थोडं आश्चर्य वाटलं.

भांडण झालं ते जागेवरून. तालमीला म्हणून आदल्या रात्री टेबलं मांडली तेव्हा निपाणीची आत्ती बघायला गेली. लांबच लांब रांग. सुरुवातीला ताटांची चळत, मग सॅलड, मग पोळ्या, भाज्या, भात, आमटी, गोड, आणि पार शेवटी, पाण्याच्या जारशेजारी, चटण्या नि लोणचं.

“चटणी तिथं का?” आत्तीनं विचारलं.

“लास्टला असते अक्का सगळीकडं. ज्याला पाहिजे तो घेतोय,” केटरर म्हणाला.

“तिथवर पोचेपर्यंत ताटात जागा राहते काय? आणि ताट बघ तुझं. खणाचं. यात डावं कुठलं, उजवं कुठलं?”

केटररनं ताट फिरवून दाखवलं. खरंच, कसंही धरलं तरी चालत होतं. पाच खण, सगळ्यात मोठा भाताचा, आणि चटणीच्या खणात त्यानं नमुन्याला गुलाबजाम ठेवला होता.

शेवटी असं ठरलं की घरच्या वडीलधाऱ्यांची एक पंगत खाली बसेल, पत्रावळीवर, आणि बाकीच्यांचा बुफे. बुफेच्या रांगेतही एक मुलगा चार वाट्यांचा, मधे दांडी असलेला डबा घेऊन फिरेल. मीठ, दोन चटण्या, लोणचं. ताट हातात घेतलेल्या प्रत्येकाला आधी तो वाढेल, मग पुढं. केटरर म्हणाला, त्याला पोरगा जास्तीचा लागेल आणि त्याचे पैसे वेगळे. आत्ती म्हणाली, पनीर खोडलंय त्यातनं घे. बराच वेळ हिशेब चालला. पनीर वाचलं ते एका पोराच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त भरत होतं, आणि उरलेल्यात आत्तीनं खर्ड्याचं पातेलं मंजूर करून घेतलं.